खिशातला घडीचा चाकू: जाडीला मजबुती समजू नका

प्रश्न थोडक्यात असा: वरुड तालुक्यात संत्र्याची बाग, सोबत कपाशी आणि तूर. रोज खिशात राहील असा लहान पण मजबूत घडीचा चाकू हवा आहे. ऑनलाइन एक पाहून ठेवलाय. पातं ८ सेमी, पाठीकडे जाडी ३.५ मिमी, बुंध्याकडची अर्धी धार करवतीसारखी, पात्यावर काळा लेप, वजन १८० ग्रॅम, आणि पोलादाबद्दल फक्त 'स्टेनलेस' एवढंच लिहिलेलं. घ्यावा का? नसेल तर चाकू पारखायचा कसा?

हा घेऊ नका. एखादी गोष्ट खटकली असती तर चाललं असतं, इथे लांबी सोडली तर सगळंच खटकतंय. घडीचा चाकू सहसा पात्याच्या मधोमध मोडत नाही. तो टोकाला तुटतो, सांध्यात ढिला होतो, नाहीतर लॉक सुटून बोटावर मिटतो. पातं ३.५ मिमीचं केल्याने यातलं काहीच थांबत नाही. पातं २ मिमीवरून ३.५ मिमीवर नेलं की ते वाकण्याला पाचपटीहून जास्त विरोध करतं हे खरं, कारण ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. पण तेवढा जोर मग जातो कुठे? सांध्यातल्या तीन-चार मिमीच्या खिळीवर आणि लॉकच्या पट्टीवर. जाड पातं माणसाला उचकटायची हिंमत देतं, आणि मोडतो तो सांधा.

आधी दिवसभराची कामं डोळ्यांसमोर आणा. कट्ट्याची (गोणीची) शिलाई सोडवणं, सुतळी कापणं, ठिबकची १६ मिमीची नळी कापणं, वायरचं आवरण सोलणं, दाव्याचं उसवलेलं टोक छाटणं, कोवळा फुटवा काढणं, बांधावर बसून संत्रं किंवा कांदा चिरणं. यातल्या एकाही कामाला जाड पातं लागत नाही. उलट प्रत्येक कामात ते आडवं येतं. डब्याचं झाकण उचकटायला पेचकस, पऱ्हाटी-तुराटी तोडायला विळा, फांदी कापायला आरी. घडीच्या चाकूवर ही कामं लादली की कोणत्याही किमतीचा चाकू एका हंगामात खुळखुळा होतो.

जाडी दोन ठिकाणी मोजायची असते आणि लोक एकाच ठिकाणी मोजतात. पाठीकडची जाडी २ ते २.५ मिमी पुरे. तिच्यापेक्षा महत्त्वाची आहे ती धारेच्या लगेच मागची, म्हणजे जिथे धारेचा चकचकीत उतार सुरू होतो तिथली. ती ०.३ ते ०.५ मिमी असावी. ०.८ च्या पुढे गेली की तो चाकू राहत नाही, पाचर होते. व्हर्नियर कॅलिपर नसेल तर गाजर घ्या आणि मधोमध आडवं कापा. पातळ पातं आवाज न करता खाली उतरतं आणि दोन्ही तुकड्यांचा काप ओला, गुळगुळीत दिसतो. जाड पातं अर्ध्यापर्यंत जातं, मग 'कट्' आवाज होऊन गाजर पुढे आपोआप फाटतं. धार तिथवर पोचलेलीच नसते, पात्याच्या गालांनी ते फाकवलेलं असतं. हेच ठिबकच्या नळीत होतं: नळी आधी चेपते, मग तिरकी कापली जाते, जॉइनर नीट बसत नाही, आणि पाणी सोडल्यावर तिथून पाझर लागतो. दोष जॉइनरला दिला जातो.

पात्याची लांबी ७ ते ८.५ सेमी. मिटलेला चाकू ९ ते ११ सेमी, म्हणजे चारही बोटं मुठीवर बसतात आणि खिशात आडवा होत नाही. वजन १०० ग्रॅमच्या आत ठेवा. १८० ग्रॅमचा चाकू आठ दिवस खिशात राहतो आणि नवव्या दिवशी घरी खुंटीवर जातो.

अर्धी करवती धार सुतळीवर चांगली चालते, हे मान्य. पण ती असते बुंध्याजवळ, जिथे जोर सगळ्यात जास्त लागतो आणि जिथे फळ सोलायला, फुटवा काढायला साधी धारच हवी असते. शिवाय ती साध्या सपाट दगडावर लावता येत नाही. दाते बोथट झाले की घरच्या दगडाने ते अर्धं पातं परत येत नाही. काळा लेप दोन महिन्यांत धारेलगत खरवडून निघतो आणि तोवर खालचं घासकाम कसं आहे हे झाकून ठेवतो. साधं घासलेलं पातं घ्या.

आता लॉक, कारण बोटं त्यावर अवलंबून आहेत.

सगळ्यात जुना प्रकार म्हणजे लॉक नसलेला: पाठीला स्प्रिंगची पट्टी, ती पात्याला उघडं आणि मिटलेलं धरून ठेवते. व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीच्या बहुतेक लहान चाकूंत हेच असतं. धारेच्या दिशेने जोर असेल तोवर तो मिटत नाही. टोक खुपसलं किंवा पाठीवर दाब आला की मिटतो. ज्याला हे ठाऊक आहे त्याच्या हातात हा प्रकार सुरक्षित आहे आणि त्यात बिघडण्यासारखं फार थोडं असतं. दुसरा लायनर लॉक: मुठीच्या आत एक पातळ पट्टी असते, पातं उघडलं की ती बाजूला सरकून पात्याच्या बुंध्याखाली अडकते. तिसरा पाठलॉक: मुठीच्या पाठीवर दाबायची पट्टी, तिचा दात बुंध्याच्या खाचेत बसतो. चौथी फिरती कडी. फ्रान्सच्या ओपिनेल कंपनीची ही ओळख. त्यांनी ती १९५५ मध्ये आणली. कडी फिरवली की मिटायची फट बंद.

लायनर लॉक पाहताना चाकू उघडा आणि बुंध्याकडून आत डोकवा. पट्टीने बुंध्याच्या रुंदीच्या पाव ते निम्म्या भागापर्यंत जाऊन टेकलेलं असावं. नुसती कडेला टेकली असेल तर घसरेल. पार पलीकडच्या बाजूला जाऊन भिडली असेल तर नवा असतानाच झिजलेला आहे, पुढे झिजायला जागाच नाही. पाठलॉकमध्ये टोक वर-खाली हलवून पाहा: दात खाचेत सैल असेल तर तिथेच कळतं.

दुकानात काही जण उघड्या चाकूची पाठ टेबलावर आपटून लॉक तपासतात. त्याने चांगला लॉकही खराब होतो. त्याऐवजी धान्य मोजायच्या काट्यावर लाकडाचा तुकडा ठेवा, चाकू उघडून लॉक बसू द्या, मूठ दोन्ही बाजूंनी धरा, म्हणजे पातं मिटलंच तर मिटण्याच्या वाटेत एकही बोट येऊ नये. मग पाठ लाकडावर टेकवून सावकाश दाबत काटा ५ किलोपर्यंत न्या. लॉक सरकला, कुरकुरला किंवा नंतर सोडवताना अडकला, तर चाकू परत द्या. बिनलॉकच्या चाकूवर हे करू नका, तो मिटणारच. त्याचं कामच ते.

आपल्याकडे एक जादा अडचण आहे जी बाहेरदेशी लिहिलेल्या माहितीत सापडत नाही: काळी माती. ओली असताना ती चिकटते, फुगते. वाळली की विटेसारखी घट्ट बसते. पाठलॉकच्या खाचेत ज्वारीच्या दाण्याएवढा मातीचा खडा बसला तरी दात पूर्ण खाली उतरत नाही. चाकू उघडल्यासारखा वाटतो, 'टक' आवाजही येतो, पण लॉक अर्धाच लागलेला असतो. मग कट्ट्याच्या शिलाईत टोक घालून जोर दिला की पातं मागे येतं. म्हणून मुठीची रचना अशी हवी की मिटलेल्या चाकूत एका बाजूने पाहिलं तर दुसऱ्या बाजूचा उजेड दिसावा. पाठ बंद असलेल्या मुठीत माती, कुटाराचा भुगा आणि खिशातला धागा साठतो, आणि काडी घालूनही निघत नाही. कोणता लॉक घ्यावा असं विचाराल तर आपल्या मातीत माझी पसंती आधी फिरत्या कडीला, मग लायनर लॉकला. पाठलॉक सगळ्यात शेवटी.

कडीच्या चाकूची खोडही सांगतो. त्याची मूठ लाकडाची, आणि लाकूड पाणी प्यायलं की फुगतं. जुलै-ऑगस्टच्या झडीत ते पातं इतकं आवळून धरतं की नखाने उघडत नाही. ओपिनेल आठ नंबरचं पातं ८.५ सेमी, पातळ, कापायला फार सुरेख. पण त्याची मूठ पावसाळ्याआधी जवसाच्या तेलात भिजवून, पुसून, दोन-तीन दिवस वाळवून घ्यावी. जवसाचं तेल हवेत वाळून घट्ट पापुद्रा होतं, म्हणून लाकडाला ते उत्तम. आणि नेमक्या त्याच कारणाने ते सांध्यात कधीही सोडू नका, आठवड्यात गोंद होईल.

पोलादाबद्दल लोक सगळ्यात जास्त वाद घालतात. माझ्या मते ते यादीत खाली यावं. आपला लोहार म्हणतो तसं लोखंड कोणतं यापेक्षा त्याला पाणी कसं दिलंय, म्हणजे तापवून थंड करून कडक कसं केलंय, यावर धार टिकते. रोजच्या शेतकामाला रॉकवेल मापाने ५५ ते ५८ ची कडकी बरी: धार टिकते, आणि घरच्या दगडावर दहा मिनिटांत परत लागते. व्हिक्टोरिनॉक्स आपलं पातं ५६ च्या आसपास ठेवते. वर्णनात नुसतं 'स्टेनलेस' किंवा 'सर्जिकल' असेल तर बहुतेक ते ४२०जे२ किंवा ३सीआर१३ सारखं मऊ पोलाद असतं, कार्बन ०.३ टक्क्यांच्या आसपास. सहज गंजत नाही, पण दोन कट्टे फोडले की धार दुमडते. ८सीआर१३एमओव्ही किंवा १२सी२७ असं नाव दिलेलं असेल तर ते चांगलं मानावं. डी२ नावाचं पोलाद धार खूप टिकवतं, पण त्यातला क्रोमियम १२ टक्क्यांच्या आसपास असूनही बराचसा कार्बाइडमध्ये, म्हणजे कार्बनसोबतच्या कठीण कणांत, अडकलेला असतो, त्यामुळे ते पुरतं स्टेनलेस नाही; शिवाय साध्या दगडावर ते लवकर घासलं जात नाही. साधं कार्बन पोलाद संत्र्याच्या रसाने काही मिनिटांत राखाडी-निळं पडतं. तो डाग म्हणजे गंज नव्हे, घाबरू नका. तांबडा पडला तर मात्र गंज.

स्टेनलेस म्हणून निर्धास्त राहू नका. म्युरेट ऑफ पोटॅश हे खत म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, आणि क्लोराइड स्टेनलेसलाही टोचे पाडतं. पोटॅशची गोणी फोडून चाकू तसाच मिटवला आणि खिशात घामाची ओल लागली, की आठवड्यात पात्यावर सुईने टोचल्यासारखे काळे ठिपके दिसतात. धारेवर असा ठिपका पडला की तिथे धार तुटते. गोणी फोडली की पातं साध्या पाण्याने धुवा, पुसा, मग मिटवा. बोर्डो मिश्रणातही (मोरचूद आणि चुन्याच्या पाण्यात) चाकू बुडवू नका. चुना कमी पडलाय का हे पाहायला लोखंड बुडवून त्यावर लालसर तांबं चढतं का बघायची जुनी रीत बरोबर आहे, पण त्यासाठी घासून चकचकीत केलेला साधा खिळा घ्या. स्टेनलेसवर ते नीट कळतही नाही.

फवारणीच्या औषधाचा पाऊच खिशातल्या चाकूने कापू नये, यात सूट नाही. दुपारी त्याच चाकूने संत्रं कापलं जातं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं दगावली आहेत. हा विषय हलका नाही. औषधासाठी लाल रंग लावलेली एक स्वस्त कात्री पंपासोबतच ठेवा आणि ती घरात आणू नका.

बागेत आणखी एक पथ्य. संत्र्याचा एक्झोकॉर्टिससारखा रोग हत्यारावरून एका झाडाचा दुसऱ्याला जातो. फुटवे काढताना झाड बदललं की पातं १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटच्या पाण्यात बुडवा, आणि काम संपल्यावर लगेच धुऊन तेल लावा, कारण ते पाणी पोलाद खातं. डोळा बांधायला हा चाकू वापरू नका. कलमाचं पातं वेगळं असतं, वस्तऱ्यासारखं, आणि ते सुतळीला लागताच कामातून जातं. डिंक्याची (खोडातून डिंक गळणाऱ्या रोगाची) साल खरवडायला खिशातला चाकू चालतो, फक्त टोकाने खणू नका. पातं आडवं धरून खरवडा.

चाकू हातात आला की या क्रमाने पाहा. मिटलेल्या चाकूत पातं मुठीच्या मधोमध आहे का, की एका गालाला घासतंय? उघडून एका हाताने टोक, दुसऱ्याने मूठ धरून डावी-उजवीकडे हलवा: किंचित लवणं चालेल, टोक अर्धा मिमीपेक्षा जास्त हललं तर नाही. सांधा रिवेटचा असेल तर तो पुढे आवळता येत नाही, म्हणून रिवेटमध्ये हे जास्त काटेकोर पाहा. स्क्रूचा असेल तर त्याला सहसा टी६ किंवा टी८ टॉर्क्स पाना (चांदणीसारख्या टोकाचा) लागतो, तो आधीच घेऊन ठेवा. मग बल्बखाली धार वर करून नजर तिच्यावर उभी टेकवा. चांगली धार दिसतच नाही. जिथे पांढरी रेघ किंवा ठिणगी चमकते तिथे ती बोथट किंवा दुमडलेली आहे. शेवटी तीनपदरी सुतळीचा वेढा पात्यात अडकवा आणि बुंध्याकडून टोकाकडे एकदाच ओढा. एका ओढीत तुटली पाहिजे. वर्तमानपत्राचा कागद कापून दाखवतात तो खेळ कोणताही नवा चाकू करतो. सुतळी खोटं बोलत नाही.

धार कधी सायकलच्या चाकावर लावून घेऊ नका, निदान कोरड्या चाकावर तर नाहीच. पात्याची कड पातळ असते, दोन सेकंदांत तापते. गवती पिवळा रंग २२० अंशांच्या पुढे येतो, निळा सुमारे ३०० ला. तो रंग दिसला म्हणजे पाणी उतरलं. तेवढा भाग आता मऊ आहे आणि तो घासून जाईपर्यंत धार टिकणार नाही. घरी ४०० आणि १००० नंबरचे दगड पुरतात. पात्याची रुंदी २० मिमी असेल तर पाठ दगडापासून ६ मिमी उचला, साधारण १७ अंश होतात. ६ मिमी उंचीची नाण्यांची चवड पट्टीने मोजून पाठीखाली धरून पहिल्यांदा अंदाज घ्या, मग हाताला कळतं. ४०० वर एकाच बाजूने घासा, दुसऱ्या बाजूला बोट कडेबाहेर फिरवल्यावर पूर्ण लांबीभर बारीक खरखर लागेपर्यंत. ती लागली नाही तर अजून धारेपर्यंत पोचलाच नाहीत. इथेच बहुतेकांची गडबड होते, ते मोजून वीस वेळा घासतात आणि थांबतात. मग दुसरी बाजू तशीच, मग १००० वर दोन्ही बाजू आळीपाळीने, दाब कमी करत. खरखर शेवटी चामडी पट्ट्यावर धार मागे ओढत काढा. वावरात धार थोडी गेली तर चहाच्या कपाच्या बुडाची बिनचकाकीची खरबरीत कडा आहेच, दोन्ही बाजूंनी पाच-सहा हलके हात.

महिन्यातून एकदा उघड्या चाकूवर साबणाचं गरम पाणी, जुन्या टूथब्रशने सांधा आणि लॉकची फट, मग उन्हात उघडाच वाळवा. सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. एकच, जास्त तेल माती धरतं. खोबरेल थंडीत गोठतं, म्हणून ते पात्यावर लावा, सांध्यात नको.

कायद्याचं थोडक्यात. शस्त्र नियम, २०१६ मध्ये ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं येतात, आणि त्यातूनही घरगुती व शेतीकामाची वगळलेली आहेत. आपलं ८ सेमी त्याच्या कितीतरी आत. पण निवडणूक, सण, मोर्चा अशा वेळी महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली बंदी आदेश निघतो, त्यात सुरे-चाकूही येतात. त्या दिवसांत तालुक्याला जाताना चाकू घरी ठेवा. नागपूरहून विमानाने जायचं असेल तर हातातल्या बॅगेत तो चालत नाही. बटण दाबल्यावर सटकन उघडणारा प्रकार घेऊच नका: कामाला काही फायदा नाही, आणि पोलिसाला त्यातून शेती दिसत नाही.

तर घ्यायचं काय? बिनलॉक चालत असेल तर अ‍ॅल्युमिनियम मुठीचा, मिटल्यावर ९३ मिमीचा व्हिक्टोरिनॉक्स फार्मर. त्यात आरी आहे, आणि कट्ट्याची शिलाई व चामड्याचं भोक यासाठी आरसुद्धा. लॉक हवाच असेल तर स्टेनलेस पात्याचा ओपिनेल आठ. दोन्हींच्या नकला खूप आहेत, तेव्हा वरची पारख करूनच पैसे द्या. बजेट कमी असेल तर जत्रेतला साधा लाकडी मुठीचा चाकू या फुगलेल्या १८० ग्रॅमच्या चाकूपेक्षा चांगला, फक्त टोक हलवून पाहा आणि पहिल्या दिवशी धार स्वतः लावा. कोणताही घेतलात तरी मुठीला भोक असेल तर त्यात लाल किंवा केशरी दोरी वीतभर ओवून ठेवा. काळ्या मुठीचा चाकू कमरेएवढ्या पऱ्हाटीत पडला की वखरणीपर्यंत सापडत नाही.